पनवेलचा नगरकारभार : बंदरापासून महानगरपालिकेपर्यंत

चर्चच्या कचेरीत येणारी माणसे बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाची नोंदणी किंवा मिस्साचा हेतू अशा कामासाठी येतात. गेल्या काही वर्षांत मात्र पनवेल परिसरातील भाविक आमच्यापुढे आणखी एक कागद ठेवू लागले. तो असतो मालमत्ता कराच्या देयकाचा. ‘‘फादर, रस्ता, गटार, दिवाबत्ती यांसाठी इतकी वर्षे आम्ही सिडकोला सेवाशुल्क भरले. आता त्याच वर्षांचे पैसे महानगरपालिका मागते. एका रस्त्याचे पैसे दोनदा कसे द्यायचे?’’

या प्रश्नाला आमच्यापाशी तयार उत्तर नाही. आणि धर्मगुरूचे उत्तर न्यायालयाच्या निकालाची जागा घेऊ शकत नाही, हेही आम्ही जाणून आहोत. परंतु हा प्रश्न मुळात निर्माण का झाला, हे सांगता येण्याजोगे आहे. त्यासाठी पनवेलच्या खाडीत पडाव लागत असत त्या काळापर्यंत मागे जावे लागेल.

आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी पडावात बसून खाडीमार्गे पनवेलला उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर देशावरच्या बैलगाड्या माल घेऊन थेट पनवेलच्या बंदराशी येऊ लागल्या. पनवेलची गाडीची चाके तर अशी नावाजलेली होती, की कोकणात उतरलेला देशावरचा शेतकरी परतताना चाकांची एक जोडी घेतल्याशिवाय जात नसे, अशी नोंद इंग्रज अमदानीतील गॅझेटियरमध्ये सापडते. गावात हिंदू व्यापारी, मुसलमान, आगरी, कोळी यांच्याबरोबर बेने इस्रायलांचीही वस्ती होती. त्यांचे ‘बेथ एल’ हे सभास्थान १८४९ साली बांधले गेले, आणि इस्राईल तळे हे नाव आजही पनवेलकरांच्या तोंडी आहे.

जेथे नाना जातीजमातींची माणसे, जनावरे, गाड्या आणि माल रोज एकत्र येतात, तेथे घाण कोणी उचलायची, दिवा कोणी लावायचा आणि तळ्याचे पाणी कोणी राखायचे, हा प्रश्न कोणत्याही एका जातीच्या पंचायतीने सुटत नाही. कंपनी सरकारने १८५० साली सव्विसावा कायदा केला, तो अशा गावांसाठी. या कायद्याचे एक वैशिष्ट्य आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तो गावावर लादायचा नव्हता. रहिवाशांची तशी इच्छा आहे, असे सरकारला दिसले तरच तो त्या गावाला लागू करायचा होता. पनवेलने ती इच्छा दाखवली. २५ ऑगस्ट १८५२ हा पनवेल नगरपालिकेच्या स्थापनेचा दिवस मानला जातो. महाराष्ट्रातील ही पहिलीच नगरपालिका, असे पनवेलकर अभिमानाने सांगतात. सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक, एवढे म्हटले तर कोणाशीही वाद होऊ नये.

योग असा विचित्र, की नगरपालिका स्थापन झाल्यावर आठच महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. पुढे १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट चढून गेला आणि पुण्याची वाट पनवेलला वळसा घालून निघून गेली. बंदर ओस पडत गेले. नगरपालिका मात्र राहिली. वैभवाच्या काळात मिळालेली संस्था पडत्या काळात गावाच्या उपयोगी पडते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

त्या पहिल्या नगरपालिकेला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणता येणार नाही. सभासद सरकारने नेमलेले असत आणि कारभारावर सरकारी अधिकाऱ्याचा हात असे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढवण्याची दिशा दिली. तरीही मत देण्याचा अधिकार बराच काळ कर भरणाऱ्या थोड्यांपुरताच राहिला. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला, आणि १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने राज्यभरच्या नगरपालिकांना एकच चौकट मिळाली. या सगळ्या काळात पनवेलने आपल्यापुरता संसार सांभाळला. माथेरानच्या पायथ्याच्या बाजूला असलेले देहरंग धरण हे पनवेल नगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचे. एवढ्याशा गावाने आपले धरण राखावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. उन्हाळ्यात ते कोरडे पडते, अशी तक्रार आम्हीही ऐकतो. पण दुसऱ्याच्या नळावर अवलंबून असलेल्या मोठमोठ्या शहरांना एवढे तरी कोठे मिळाले आहे?

जाता जाता आमच्या वसईकर वाचकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. नगरसभा ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांच्याही आधी येऊन गेली आहे. पोर्तुगीज वसईत नागरिकांची ‘सेनादो दा कामरा’ होती. किल्ल्यातील तिच्या इमारतीचे अवशेष आपण सहलीला गेल्यावर पाहतो आणि पुढे निघून जातो. ती सभा मूठभर पोर्तुगीज घराण्यांची होती आणि १७३९ साली वसईबरोबर तीही संपली.

आता मूळ कथेकडे येऊ. १७ मार्च १९७० रोजी शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले सिडको, स्थापन झाले. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे होते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यासाठी मुक्रर झाले. भातशेती आणि मिठागरे संपादित झाली. ज्यांची जमीन गेली त्यांना मिळालेला मोबदला इतका तुटपुंजा होता, की जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासईच्या परिसरात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या बलिदानातून आली. आज खारघर किंवा कामोठ्याच्या इमारतीत राहणाऱ्या आमच्या कुटुंबांनी हे विसरता कामा नये. आपल्या घराखालची जमीन कोणाचे तरी शेत होती.

सिडकोने वसाहती चांगल्या आखल्या, हे मान्य केले पाहिजे. रुंद रस्ते, शाळांसाठी राखून ठेवलेले भूखंड, रेल्वे स्थानकांची जागा, पावसाचे पाणी वाहून नेण्याची व्यवस्था, या गोष्टी मुंबईच्या जुन्या उपनगरांना मिळाल्या नाहीत. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला कळंबोलीत स्वतःचे घर मिळाले, ते याच योजनेमुळे. वसईचे, गोव्याचे, मंगळुरी, केरळी, अहमदनगरकडचे ख्रिस्ती या वसाहतींत येऊन राहिले आणि नवे धर्मग्राम उभे राहिले.

पण सिडको ही सरकारच्या मालकीची कंपनी आहे. तिला संचालक मंडळ आहे, मतदार नाहीत. मूळ गावांत ग्रामपंचायती होत्या आणि त्यांच्या निवडणुकाही होत. परंतु वसाहतीतला रस्ता कधी दुरुस्त होणार, बाग कोठे होणार, पाणी किती वेळ येणार, हे ठरवणारी माणसे रहिवाशांनी निवडलेली नव्हती. घर घेणारा सिडकोचा पट्टेदार होता, ग्राहक होता. नागरिक म्हणून त्या कचेरीत त्याला स्थान नव्हते.

याचा अर्थ आम्हाला एका प्रसंगाने समजला. तो पनवेलचा नाही. आम्ही पूर्वी ज्या दुसऱ्या एका वाढत्या उपनगरात सेवेला होतो तेथला आहे. ऐन पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ वारले. जवळपास ख्रिस्ती दफनभूमी नव्हती. मुलांनी रात्रीच एक गाडी ठरवली आणि वडिलांचा देह दुसऱ्या जिल्ह्यातील मूळ गावी नेला. आम्ही प्रार्थना म्हणत गाडीत मागे बसलो होतो. पुढे काही महिने दफनभूमीच्या जागेसाठी आम्ही कचेऱ्या फिरलो. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले, की आम्ही भूखंड देतो, दफनभूमी चालवत नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, जागा आमच्या ताब्यात नाही. तिसऱ्या ठिकाणी नकाशा उघडून दाखवला आणि आमची हद्द अलीकडे संपते असे म्हटले. तिन्ही ठिकाणी माणसे सौजन्याने बोलली, चहाही मिळाला. मात्र त्या तिघांपैकी एकाचेही पद त्या वृद्धाच्या मुलांच्या मतावर अवलंबून नव्हते, ही गोष्ट परतीच्या वाटेवर आमच्या लक्षात आली.

सेमिनरीत असताना पोप अकरावे पायस यांचे १९३१ चे परिपत्रक आम्हाला शिकवले गेले होते. लहान समूहाला जे काम स्वतः करता येते, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. तसे करणे हा अन्याय आहे, असे त्या परिपत्रकात सांगितले आहे. परीक्षेत आम्ही त्यावर बरे गुण मिळवले होते. त्या तत्त्वाचा गटाराशी, नळाशी आणि कबरीशी संबंध आहे, हे मात्र आम्हाला पन्नाशीत कळले.

सिडकोच्या नव्या शहराचा ठाणे जिल्ह्यातील भाग १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेच्या कारभाराखाली गेला. रायगड जिल्ह्यातील भाग मात्र तसाच राहिला. १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने नागरी स्थानिक संस्थांना राज्यघटनेत स्थान दिले, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या. पुढे महाराष्ट्राने त्या निम्म्यापर्यंत नेल्या. हे सर्व झाले तरी एकीकडे जुन्या पनवेलची नगरपालिका, शेजारी ग्रामपंचायती आणि मध्ये सिडकोच्या भरभरून वाढणाऱ्या वसाहती, अशी तिहेरी व्यवस्था आणखी दोन तपे चालली. मधल्या काळात, १९९८ साली, हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली. दीडशे वर्षांपूर्वी आगगाडीने जे नेले ते लोकलने व्याजासकट परत केले, असे म्हणता येईल.

अखेर १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. राज्यातील ती सत्ताविसावी आणि रायगड जिल्ह्यातील पहिली. नगरपालिकेचे क्षेत्र, खारघर, कामोठे, कळंबोली, नावडे, तळोजे या वसाहती आणि २९ गावे मिळून सुमारे ११० चौरस किलोमीटरचे हे शहर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार या क्षेत्रात पाच लाखांवर वस्ती होती. १६४ वर्षांची नगरपालिका त्या दिवशी विसर्जित झाली.

महानगरपालिका म्हणजे नेमके काय, याविषयी आमच्या कुटुंबांत बराच गोंधळ दिसतो. महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. महापौर महासभेचे अध्यक्षस्थान भूषवतात आणि अडीच वर्षांसाठी नगरसेवकांतून निवडले जातात. पनवेलच्या पहिल्या महापौर डॉ. कविता चौतमोल या जुलै २०१७ मध्ये निवडून आल्या. अंमलबजावणीचा अधिकार असतो आयुक्तांकडे, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. सोळा सदस्यांची स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते. अंदाजपत्रक आयुक्त तिच्यापुढे मांडतात आणि मग ते महासभेत जाते. आपल्या धर्मग्रामातही कॅनन कायद्याप्रमाणे वित्त समिती असावी लागते. फरक इतकाच, की आमची वित्त समिती फादरांना प्रश्न विचारायला थोडी बिचकते.

निवडून आलेले सभागृह आणि सरकारने पाठवलेला आयुक्त, अशी ही दोन चाकांची गाडी आहे. ती नेहमी सरळ चालते असे नाही. २०१८ मध्ये पनवेलच्या महासभेने आयुक्तांविरुद्ध अविश्वासाचा ठराव मंजूर केला आणि थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. कोण बरोबर होते, हा आमचा विषय नाही. पण शहर चालवण्याचा अधिकार मतदाराकडून येतो की मंत्रालयातून, हा प्रश्न कायद्याने मोकळाच ठेवला आहे, हे त्या प्रसंगी दिसले.

मे २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत २० प्रभागांतून ७८ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, म्हणजे मतदाराने चार मते द्यायची. कारभाराच्या सोयीसाठी खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल अशी चार प्रभाग कार्यालये झाली. सामान्य माणसाने ओळखून ठेवावे ते हेच कार्यालय. कचरा, दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद, कराची हरकत, यांसाठी मुख्यालयापर्यंत जायची गरज बहुधा पडत नाही. जन्मनोंदीविषयी तर आम्ही प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी सांगतो. चर्चची नोंदवही आत्म्याच्या हिशेबाला पुरेशी असेल, परंतु १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाच्या शाळाप्रवेशाला, पासपोर्टला आणि मतदारयादीला जन्मतारखेचा पुरावा म्हणून सरकारी जन्मदाखलाच लागेल. आमचे प्रमाणपत्र तेथे चालणार नाही.

महानगरपालिका आली तरी सिडको एका रात्रीत गेली नाही. कचरा आधी, रस्ते, गटारे आणि उद्याने नंतर, असे हस्तांतर वर्षानुवर्षे चालले. दरम्यान २०२१ मध्ये महापालिकेने मालमत्ता कराची देयके पाठवली, तीही ऑक्टोबर २०१६ पासूनची. ज्या काळात सेवा सिडको देत होती आणि सेवाशुल्कही घेत होती, त्या काळाचा कर. रहिवासी संघटनांनी मोर्चे काढले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

कॅथलिक वाचकांना या पेचाचे फार नवल वाटू नये. मुंबईच्या आपल्या पूर्वजांनी १७९४ पासून १९२८ पर्यंत पाद्रोआदो आणि प्रोपगंडा अशा दोन अधिकारांखाली संसार केला. एकाच गावात दोन चर्च, दोन बिशप, आणि एकाकडे लग्न लावले तर दुसऱ्याचा रोष. भांडण अधिकाराचे होते. त्रास भाविकांना झाला. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातील कराराने ते मिटले, तेव्हा कोठे महाधर्मप्रांताला एक घर मिळाले. दोन धनी एका अंगणात असले, की झाडणारा कोणीच नसतो आणि मागणारे दोघे असतात.

करदात्याची तक्रार आम्हाला रास्त वाटते. जे मिळाले नाही त्याचे मूल्य मागणे योग्य नव्हे. पण तिच्याबरोबर एक दुसरे वाक्यही ऐकू येते : ‘‘यापेक्षा सिडको बरी होती, महापालिका नकोच होती.’’ त्याला मात्र आम्ही संमती देत नाही. सेवाशुल्क वाढले तेव्हा ते वाढवणाऱ्याला कोणी पाडू शकत नव्हते. कर लावणाऱ्याला पाडता येते. देयकावरून मोर्चा निघाला, सभागृहात गदारोळ झाला, प्रत्येक पक्षाला भूमिका घ्यावी लागली, हेच मुळी महापालिका असल्याचे लक्षण आहे.

ते किती महत्त्वाचे आहे, हे नंतर कळले. जुलै २०२२ मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकल्यामुळे राज्यभरच्या निवडणुका लांबल्या आणि पनवेलचा कारभार प्रशासकाकडे गेला. साडेतीन वर्षे नगरसेवक नव्हता. कामे थांबली नाहीत. कचरा उचलला जात होता, रस्ते होत होते. पण आमच्याकडे येणारे लोक पुन्हा तोच प्रश्न विचारू लागले, ‘‘फादर, भेटायचे कोणाला?’’ १९३१ च्या परिपत्रकावरची ती परीक्षा आम्हाला पुन्हा द्यावीशी वाटली.

मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी, गुरुवारी. आधीच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही कोणत्याही पक्षाचे नाव न घेता एवढेच सांगितले, की मत देण्याची पद्धत समजून घ्या आणि सर्व मते द्या. त्यावर एका आजींनी विचारले, ‘‘चारही मते एकाच पक्षाला द्यायची का?’’ आम्ही म्हटले, ‘‘नाही आजी, प्रत्येक जागेसाठी वेगळे ठरवता येते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग मी एक दफनभूमीसाठी देते.’’ अशी जागा यंत्रावर नसते, हे त्यांना समजावून सांगायला थोडा वेळ लागला. मृतांच्या अंत्यविधीसाठी जागेची व्यवस्था पाहणे हे महापालिकेच्या कायद्यात बंधनकारक कर्तव्यांत मोडते, हे सांगायला मात्र वेळ लागला नाही.

निकालानंतरच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत चिटणीसांनी वहीत नवीन पान काढले. त्यावर आमच्या प्रभागातील नगरसेवकांची नावे, त्यांचे भेटण्याचे वार आणि प्रभाग कार्यालयाचा पत्ता लिहिला. खाली अर्जाचा मसुदा आहे. सह्यांसाठी तो येत्या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर मागच्या दारापाशी ठेवला जाईल.